तलावाचा नियम

म्हात्रेंच्या घरात डूख धरायची रीत जुनी. मृणालची आजी मीराबाई, तिला एका लग्नात मटणाच्या ताटात नुसती हाडं वाढली म्हणून त्या घरचं पाणी ती मरेपर्यंत प्याली नाही. मेल्यावर दहाव्याला त्या घरची माणसं आली, तर दुपार कलली तरी पिंडाला कावळा शिवेना. शेवटी मृणालच्या बापानं, दगडूनं, त्या माणसांना हात जोडून परत धाडलं तेव्हा कुठं कावळा उतरला. ही गोष्ट दगडू सांगायचा ती दुःखानं नाही, अभिमानानं.

दगडूचं गाव डोंबिवलीच्या पल्याड, खाडीच्या अंगाला. आता गाव म्हणायचं ते नुसतं म्हणायला. चहूबाजूंनी टॉवर उठलेत आणि मधे देवीचं देऊळ, तलाव आणि मैदान एवढं उरलंय. पण थंडीत त्या मैदानावर टेनिस बॉलची स्पर्धा लागली की खाडीच्या दोन्ही तीरांचे संघ उतरतात. पहिलं बक्षीस मोटारसायकल, चेंडूचेंडूची कॉमेंट्री, यूट्यूबवर थेट. आपल्याकडं हळदीची तारीखसुद्धा फायनलचा दिवस टाळून धरतात.

दगडू एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होता. हात कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचे. नखांतला पिवळा तर रिटायर झाल्यावरही गेला नाही. आणि रविवार आला की मैदानावर, फलकापाशी. बांबूला ठोकलेली काळी फळी, फळीला खिळे, खिळ्यांना पत्र्याचे आकडे. खेळणारी पोरं पोटं सुटलेले बाप झाले, फलकाशी मात्र दगडूच. नारळ फोडताना माईकवर त्याचं नाव घ्यायचे, तेवढ्यावर तो वर्ष काढायचा.

मग एका वर्षी गावचा संघ एका धावेनं हरला आणि कमिटीचा सेक्रेटरी सलिल केणे फलकाकडं चालत आला. रेती-खडीचा धंदा, गळ्यात जाड साखळी, गाडीच्या मागच्या काचेवर स्वतःचाच फोटो. त्यानं कॉमेंट्रीवाल्याच्या हातातला माईक घेतला आणि सगळ्या मैदानाला ऐकवलं, "म्हातारेला आकरं दिसत नाय. त्याला बकऱ्या मोजाला धारा." पब्लिक हसलं. सलिलनं नुसती मान हलवली, तसं कोणीतरी दगडूच्या मागची लाल प्लॅस्टिकची खुर्ची उचलून नेली.

दगडूनं वाद घातला नाही. खिळ्यांवरचे पत्रे एकेक करून काढले, पिशवीत घातले आणि घरी आला. पिशवी माळ्यावर गेली. त्या दिवसापासून तो मैदानाकडं फिरकला नाही. दूध आणायलाही तलावाची वाट सोडून हायवेनं वळसा घालायचा. आकड्यांवरून सलिल काय बोलला ते घरात परत कधी कोणी बोललं नाही, आणि विसरलंही नाही.

मृणाल ठाण्याला वागळे इस्टेटमधे एका कंपनीत प्रोग्रामर. तिथं काम चालायचं हॅस्केल नावाच्या भाषेत. इतर भाषांत कसं, एका डब्यात आकडा ठेवा, नको झाला की पुसा, दुसरा ठेवा. हॅस्केलचं तसं नाही. एकदा ठेवलं ते ठेवलं, पुसापुशी बंद. नवीन काही हवं तर जुन्याला हात न लावता त्याच्यापासून नवीन काढायचं. तिच्याबरोबर लागलेली पोरं महिनोन्‌महिने डोकं धरून बसली. मृणालला मात्र ती भाषा चटकन भावली. काहीच न विसरणारी भाषा तिला काय अवघड. ती तसल्याच घरात वाढलेली.

त्याच भाषेत तिनं धावफलकाचं ॲप लिहिलं. टेबलावरच्या माणसानं फक्त चेंडू कुठं गेला तिथं स्क्रीनवरच्या मैदानाच्या चित्राला बोट लावायचं. आत सगळे चेंडू ओळीनं जमा होत जायचे आणि त्या मैदानाच्या नियमांच्या चाळणीतून काढले की खाली धावा आणि विकेटी पडायच्या. वरती मोठ्या अक्षरात पट्टी: दगडू म्हात्रे धावफलक. तिला एवढंच हवं होतं. गावच्या मैदानावर बापाचं नाव झळकावं आणि सलिल केणेनं दर चेंडूला मान वर करून ते वाचावं. तिच्या मते ही शिक्षा सौम्य होती.

पण ॲप लिहिणं वेगळं आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालवणं वेगळं. पहिल्यांदा ती ते घेऊन आंबिवलीला गेली. तिथल्या संघाचा कप्तान प्रशांत तिचा कॉलेजातला मित्र. मैदानावरचा लॅपटॉप डीजेवाल्याचा, झाकणावर सगळी स्टिकरं. मृणालनं पेन ड्राईव्ह लावला, तर लॅपटॉप म्हणाला अमुक फाईल सापडत नाही. ती टाकावी म्हटलं तर पासवर्ड मागतो. पासवर्ड डीजेवाल्याला ठाऊक, आणि डीजेवाला शहापूरला मेहुणीच्या साखरपुड्याला. इंटरनेटचा पत्ता नाही. सगळी स्पर्धा खडूनं झाली.

"तुझ्या प्रोग्रामला तुझ्याच घरचं पाणी लागतं का गं?" प्रशांत म्हणाला. "दुसऱ्याकडं पीत नाही वाटतं."

"आजीवर गेलाय," मृणाल म्हणाली. पण ते तिला लागलं.

घरी येऊन ती कामालाच लागली. मिठागरावर जाणारी आपली बाई भाकर, सुकट, पाणी, चुलीचं लाकूडसुद्धा डोक्यावर घेऊन निघते. तिथं कोणापाशी विस्तवही मागत नाही. तसं तिनं ॲपला जे जे लागतं ते सगळं त्याच्याच पोटात भरलं. एकच फाईल. पेन ड्राईव्ह लावा, टिचकी मारा, चालू. पासवर्ड नको, इंटरनेट नको.

तरी एक भोक राहिलंच. प्रत्येक मैदानाचा कायदा निराळा. कुठं बिल्डिंगच्या गॅलरीत चेंडू गेला तर शून्य, कुठं देवळाच्या पत्र्याला लागला तर दोन. हे नियम तिनं वेगळ्या फाईलमधे ठेवलेले. आपली माणसं व्हॉट्सॲपवर ॲप तेवढं पुढं पाठवायची आणि नियमांची फाईल मागंच राहायची. तेव्हा तिनं नियमही पोटात घातले. प्रत्येक मैदानाची आपली एक फाईल, फाईलला मैदानाचं नाव. बाहेर ठेवली ती फक्त वरची पट्टी, कारण दर स्पर्धेला प्रायोजक बदलतो, त्याचं चित्र बदलावं लागतं. ती पट्टी बाहेर ठेवणं ही तिची चूक.

कमिटीला ॲप आवडलं. गावच्या मैदानाची फाईल बनवायची तेव्हा सलिल स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसला.

"तलावाची बाजू हाय ना, त्या बाजूला थेट हवेत गेला का आऊट," तो म्हणाला.

"आऊट? सहा नाही?"

"चेंडू पान्यात जातो, पोरं उऱ्या मारतात, टाईम जातो. आऊट घाल." खरं कारण मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्या संघांचे डावखुरे तिकडंच मारायचे, आणि गावचा हुकमी बॅट्समन, सलिलचा पुतण्या नील, उजव्या हाताचा.

मृणालनं नियम घातला. बापाचं नाव वर राहणार असेल तर खाली काय का असेना.

पुढं स्पर्धेच्या तोंडावर गावचं मैदान नव्या रस्त्याच्या खांबांसाठी खोदलं. सलिलनं मुकाट्यानं कळव्याचं मैदान भाड्यानं घेतलं. तिथं तलाव नाही. त्या बाजूला चहाची टपरी आणि मोटारसायकलींचं पार्किंग. मृणालनं न सांगता कळव्याची वेगळी फाईल बनवली आणि पहिल्या दिवशी सकाळी पेन ड्राईव्ह पर्समधे टाकून ती मैदानावर गेली.

एलईडी स्क्रीन लावून झालेला. वर पट्टी. पट्टीवर सलिल केणे, हात जोडून, आणि शेजारी: सलिलदादा स्कोअर. फाईलचं नावही त्यानं तेच ठेवलेलं. दगडू म्हात्रेंचं नाव गेलं, आणि त्याबरोबर ही फाईल गावच्या मैदानाची हे सांगणारी एकुलती एक खूणही गेली. सलिलला वाटलं फाईल ती फाईल. पोटात तलाव घेऊन ती कळव्याला आलीये हे त्याच्या डोक्यातही नव्हतं.

मृणाल टेबलापर्यंत गेली, पट्टी पुन्हा एकदा वाचली आणि पर्सची चेन लावून घेतली.

दुपारी गाव विरुद्ध आंबिवली. प्रशांतनं पार्किंगकडं असा काही फटका मारला की चेंडू दोन मोटारसायकलींपलीकडं पडला. तो बॅट वर करतोय तोवर स्क्रीनवर लाल अक्षरात आऊट आणि स्पीकरवर पिपाणी वाजली. अंपायर गोंधळला. आंबिवलीची पोरं आत धावली. सलिलनं माईक घेतला. माईक घ्यायची त्याला हौसच.

"आपली डिजिटल स्पर्धा हाय," तो म्हणाला. "स्क्रीनवर आला तो फायनल. अंपायर नाय, मी नाय, कोनीच बदलनार नाय. ज्याला पटत नाय त्यानी कीट बांधाची."

आंबिवली हरली. प्रशांत पॅड न सोडताच मृणालकडं आला.

"हे काय गं?"

"मला काय विचारतोस? नाव वाच वरचं."

त्यानं वाचलं. मग तिच्या पर्सकडं बघितलं; तो तिला कॉलेजापासून ओळखत होता. "बरोबर फाईल आहे तुझ्याकडं."

"आहे."

"मग दे ना टेबलावर."

"फायनलपर्यंत नाही."

"आमची मॅच गेली, मृणाल. पोरं नाईट शिफ्ट करून आलेली."

"गेली," ती म्हणाली. "मला माहितेय."

प्रशांत पॅडचे पट्टे सोडत आपल्या पोरांकडं गेला. मृणालला वाईट वाटलं. पण तिनं चेन उघडली नाही.

घरी येऊन तिनं बापाला सगळं सांगितलं. दगडू बोंबील निवडत होता. शेपट्या काढता काढता त्यानं एकच विचारलं, "फायनलला केण्याचा पोर खेलतो क?"

"नील? खेळतो की. ओपनिंगला."

"तो आता पार्किंगकरं मारतो क?"

"आता सगळीकडं मारतो, बाबा. यंदा कोचिंगला जातो."

दगडूनं बोंबील सुपात टाकला. "मंग मी येतंव," तो म्हणाला. आईनं आतून विचारलं, की इतकी वर्षं मैदानाचं नाव काढलं नाही आणि आता काय मधेच. "मना म्याच नाय बगाची," दगडू म्हणाला. "मना त्याचा तोंड बगाचा हाय."

फायनलच्या दिवशी त्यानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, टोपी घातली, आणि माळ्यावरची पिशवी काढायला लावली. कशाला, ते सांगितलं नाही. कळव्याला बापलेक बांधाच्या उंचवट्यावर उभे राहिले. गावची माणसं बघून न बघितल्यासारखं करत होती. समोर दिवा गावचा संघ. दिव्यानं बऱ्यापैकी धावा केल्या, गावानं पाठलाग सुरू केला आणि नील असा पेटला की सामना जिंकल्यातच जमा झाला. शेवटच्या षटकात दोन धावा हव्या होत्या. विकेट एकच उरलेली, पण नील समोर होता. सलिल पांढरे कपडे घालून बक्षिसाच्या मोटारसायकलीशेजारी जाऊन उभा राहिला, फोटोसाठी.

नीलनं दोन पळून काढल्या असत्या तर ही गोष्ट इथंच मेली असती. पण केण्यांच्या घरात पळत नाहीत, आणि प्रशांतचा आऊट ही मशीनची एकदाची चूक असं धरून गाव ती विसरलेलं; त्यानंतर तिकडं थेट कोणाचा चेंडू गेलाच नव्हता. त्यानं पाय बाजूला काढला आणि चेंडू उचलला, सरळ पार्किंगकडं.

"गेला, गेला, गेला," कॉमेंट्रीवाला भगवान मढवी माईकवर म्हणाला. "यो चेंडू परत येत नाय बाला, यो आता कलवा टेशनला तिकीट काढतो." तेवढ्यात पिपाणी वाजली. भगवाननं स्क्रीनकडं बघितलं आणि तो जन्मात पहिल्यांदा गप्प झाला.

लाल अक्षरं. आऊट. गाव सर्वबाद.

मग दिव्याची पोरं हसायला लागली आणि आंबिवलीची पोरं, जी फायनल बघायला म्हणून आलेली, ती ठेक्यात ओरडायला लागली: "स्क्रीनवर आला तो फायनल." टाळ्या त्याच्या तालावर. सलिल अंपायरकडं धावला. अंपायर म्हणाला, "दादा, तुम्हीच माईकवर बोललेलात. मी बदलू कसं?" टेबलावरच्या पोरानं दोनदा पुसायचा प्रयत्न केला. त्या ॲपमधे पुसायचं बटणच नव्हतं.

मग सलिल बांधाकडं आला. चढ चढताना त्याला धाप लागली.

"मृणाल, बाय, यो काय लफरा हाय? ठीक कर लवकर."

"मी?"

"तूच बनवलंस ना."

"त्यावर तुमचा फोटो आहे, दादा. माझं काय आहे त्यात?"

सलिलनं दगडूकडं बघितलं. दगडू समोर मैदानाकडं बघत होता, जणू शेजारी कोणी नाहीच. "काका, तुमी तरी सांगा तिला."

"मना आकरं दिसत नाय," दगडू म्हणाला.

खाली ठेका वाढत होता. सलिलनं आवाज खाली आणला. "काय पायजे तुला?"

"ज्या माईकवर माझ्या बापाला बोललात, त्याच माईकवर सांगा हे ॲप कोणाचं. मग मी खाली येते."

सलिल उतरला. गावाची मोटारसायकल, पुतण्याचं नाव, यूट्यूबवर बघणारी सगळी खाडी; त्याला दुसरी वाट नव्हती. माईक तोंडाशी धरून तो म्हणाला, की हे ॲप दगडू म्हात्रेंच्या मुलीनं बनवलं, त्यांच्या नावानं बनवलं, पट्टी आपल्या माणसांनी चुकून बदलली, आणि आता ती स्वतः येऊन सांगेल की हा चेंडू सहा आहे. 'चुकून' हा शब्द त्यानं दोनदा वापरला.

मृणाल खाली आली. सगळ्या गावाचे डोळे तिच्यावर. भगवाननं माईक पुढं केला. "बोल बाय. छक्का ना?"

"ॲप आमचंच," मृणाल म्हणाली. "दगडू म्हात्रेंचं. ते बरोबर चाललंय. त्या बाजूला थेट गेला तर आऊट, हा नियम सलिलदादांनी माझ्याशेजारी बसून घालायला लावलेला, आपल्या तलावासाठी. पहिल्या दिवशी आंबिवलीचा कप्तान याच नियमानं आऊट झाला, तेव्हा दादांना तो चालला. तेव्हा तो आऊट, तर हा पण आऊट."

भगवान मढवीनं माईक परत घेतला. मग, कॉमेंट्रीवाला शेवटी कॉमेंट्रीवालाच, तो म्हणाला, "दिवा विजयी."

सलिलचं तोंड कसं झालं ते सांगण्यात अर्थ नाही. दगडूनं ते बांधावरून पोटभर बघितलं. मग तो काठी टेकत खाली उतरला, पिशवीतून पत्र्याचे आकडे काढले आणि गावाची धावसंख्या टेबलावर सलिलच्या पुढ्यात एकेक करून मांडली. "मोजून घे," म्हणाला, आणि निघाला.

गाव हरलं ते हरलंच. देवीच्या नावाचा संघ आपल्याच गावच्या पोरीनं पाडला, हे लोकांना पचलं नाही. त्या लग्नसराईत म्हात्रेंना हळदीची आमंत्रणं कमी आली. आई आठवडाभर धुसफुसत होती. "तुज्या बापाचा नाव आला, पन गावाचा गेला," ती मृणालला म्हणाली. मृणालनं नाही म्हटलं नाही. प्रशांतला तिनं फोन केला, त्यानं उचलला, ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "तुझं बरोबर असेल गं. पण आमची मॅच तू खाल्लीस ती खाल्लीस." त्याच्या मैदानाची फाईल तिनं सगळ्यांत आधी करून पाठवली. तो ती वापरतो. तिच्याशी पहिल्यासारखं बोलत नाही. आता तोही डूख धरतो, आणि त्याचा तो हक्क आहे हे तिला कळतं.

मग तिनं एकेक मैदानाची फाईल बनवायला घेतली. दिवा, कोपर, कळवा, टिटवाळ्याच्या अलीकडची दोन. कोणी पेन ड्राईव्ह घेऊन घरी येतं, कोणाला व्हॉट्सॲपवर जाते. ओट्यावर बसून नियम दगडूच विचारतो, आडवेतिडवे, पार गॅलरीतल्या कुंडीपर्यंत. आता पट्टी बाहेर नाही. दगडू म्हात्रे धावफलक, ही अक्षरंही तिनं पोटात घातली. प्रायोजकाला खाली हवी तेवढी जागा आहे. वरची ओळ काढायला गेलं तर अख्खं ॲप बंद पडतं.

यंदा गावचं मैदान खांबांखालून पुन्हा मोकळं झालं. सलिलदादाच्या जुन्या फाईलवर आता कुठलाच पाहुणा संघ खेळायला तयार नाही, म्हणून कमिटीची माणसं नव्या फाईलसाठी दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा सलिलनं नीललाच पाठवला, पेढ्यांचा बॉक्स देऊन. पोरगा बिचारा दारात उभा राहून म्हणाला, "काका, आमची फाईल."

दगडूनं त्याला बसवलं, पाणी दिलं, पेढा खाल्ला.

"तलाव हाय अजून?" त्यानं विचारलं.

"हाय ना, काका."

"मंग तुज्या काकाला सांग," दगडू म्हणाला, "फाईल पायजे तर त्यानी याचा. येताना ती लाल खुर्ची पन आनाची."

मृणाल आत लॅपटॉपवर टिटवाळ्याचं काम करत होती. गावच्या फाईलीला तिनं अजून हात लावलेला नाही. खुर्ची आलेली नाही.